जुन्या पॉकेटबुकांच्या मुखपृष्ठांवर तीच दारे, तेच हात आणि तीच एक उजळलेली खिडकी का दिसते?

सुरंगी, मालवण

नमस्कार. माझ्या आईच्या वडिलांनी १९४८ ते १९६७ अशी एकोणीस वर्षे मालवाहू जहाजांवर नोकरी केली. खलाशी म्हणून चढले आणि सुकाणी म्हणून उतरले. गेल्या महिन्यात आजोळच्या घराची कौले परतायची होती, म्हणून माळ्यावरचे सामान खाली घेतले. तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या धोतरात गुंडाळलेली ६१ इंग्रजी पॉकेटबुके सापडली. बहुतेक अमेरिकेत छापलेली आहेत, काही इंग्लंडमधील आहेत, आणि सर्व १९४३ ते १९६६ या काळातील आहेत. आजोबा मराठी चौथीपर्यंत शिकलेले होते. इंग्रजी त्यांना जहाजावरच्या कामापुरते बोलता येई. वाचता येत नसे. तरीही बंदराबंदरांतून त्यांनी ही पुस्तके जमवली ती केवळ वरच्या चित्रांसाठी, असे आई सांगते.

माजघरात चटई टाकून मी सगळी पुस्तके ओळीने मांडली आणि बराच वेळ तिथून उठले नाही. लेखक निराळे, प्रकाशक निराळे, तरी चित्रांतील गोष्टी मात्र फिरून फिरून त्याच दिसत होत्या. अर्धवट उघडे दार आणि त्याच्या चौकटीला टेकून उभे असलेले कोणीतरी. कुलपाचे भोक आणि त्यातून दिसणारी खोली. चित्राच्या कडेवरून आत आलेला एकच हात, ज्याचा धनी दिसत नाही. रस्त्यावरचा दिव्याचा खांब आणि त्याखाली उजेडाचे पिवळे वर्तुळ. खांद्यावरून मागे वळून पाहणारी बाई. शेवटच्या पाचसहा वर्षांतील पुस्तकांत तर जणू एकच चित्र पुन्हा पुन्हा काढलेले आहे: रात्रीची वेळ, उंचावर मोठे जुने घर, त्याच्या एकाच खिडकीत उजेड, आणि अलीकडे पांढऱ्या झग्यात पळत सुटलेली तरुणी. अशी आठ पुस्तके आहेत, आणि आठांपैकी एकावरही दुसरी खिडकी उजळलेली नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बहुतेक पुस्तकांच्या आतल्या पहिल्या पानावर, उजव्या कोपऱ्यात, आजोबांनी शिसपेन्सिलीने तांदळाच्या दाण्याएवढी खूण केलेली आहे. कुठे सुरी, कुठे पणती, कुठे नुसते वाटोळे टिंब. आईला या खुणा पाठ आहेत. सुरी म्हणजे खुनाची गोष्ट, पणती म्हणजे भुताखेतांची आणि टिंब म्हणजे कुंकू, अर्थात बाईमाणसाची, प्रेमाची गोष्ट. रजेवर घरी आले की पावसाळी संध्याकाळी ओटीवर बसून ते चित्राकडे पाहत स्वतः रचलेली गोष्ट मुलांना सांगत, आणि कोणते पुस्तक काढायचे ते या खुणांवरून ठरत असे. मी त्यांतील वीस पुस्तके चाळून पाहिली. अठरा पुस्तकांच्या बाबतीत आजोबांची खूण बरोबर निघाली. अक्षर न वाचता आलेल्या माणसाने पुस्तकाची जात इतकी अचूक ओळखावी, हे मला नुसत्या योगायोगाचे वाटत नाही.

म्हणून जाणकारांना विचारते. ही चित्रे एकमेकांवरून उचललेली होती, की अमुक प्रकारच्या कथेला अमुकच चित्र, असा काही संकेत ठरून गेला होता? आपल्याकडील त्या काळातल्या रहस्यकथांच्या मुखपृष्ठांशी यांचे काही नाते लागते का? शिवाय दोन पुस्तके आडव्या आकाराची आहेत, चेकबुकासारखी, आणि त्यांवर चित्रच नाही. फक्त दुसऱ्या एका पुस्तकाचे छोटे चित्र आहे. ती कोणती? दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गावच्या वाचनालयात ही पुस्तके मांडून ठेवावीत असा विचार आहे, आणि पाहायला येणाऱ्यांना चार गोष्टी नीट सांगता याव्यात अशी इच्छा आहे.


ठसा, रत्नागिरी

सुरंगीताई, मी आयुष्यभर छापखान्यात काम केले, त्यातील पहिली चौदा वर्षे ब्लॉक, म्हणजे चित्रे छापायचे ठसे, करणाऱ्या विभागात. त्यामुळे माझे उत्तर चित्रकाराचे नाही, छापणाऱ्याचे आहे.

पहिल्यांदा ही पुस्तके विकली कुठे जात ते पाहावे लागेल. अमेरिकेत १९३९ साली पॉकेट बुक्स या प्रकाशनाने २५ सेंटांची पुस्तके बाजारात आणली, तेव्हा ती पुस्तकांच्या दुकानांपेक्षा वर्तमानपत्रांचे ठेले, औषधांची दुकाने, रेल्वे आणि बस स्थानके अशा ठिकाणी अधिक खपली, कारण मासिके पोहोचवणारे वितरकच ही पुस्तकेही पोहोचवत. तिथे ‘हे घ्या, चांगले आहे’ असे सांगणारा पुस्तकविक्रेता नसतो. तारेच्या उभ्या घोडीवर पुस्तके एकापुढे एक लावलेली असतात आणि गाडीची वेळ झालेला माणूस जाताजाता नजर टाकतो. त्या नजरेत जे बसेल तेवढेच त्या चित्राचे आयुष्य. अशा ठिकाणी नवे, अनोळखी चित्र काढून भागत नाही. आधीच्या पुस्तकावर जे पाहून गिऱ्हाईक थांबले होते तेच पुन्हा दिसावे लागते. ज्या चित्राने एक आवृत्ती संपवली त्याचे भाऊबंद पुढल्या महिन्यात चार प्रकाशकांकडून निघत, हे त्या धंद्यात उघड होते. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की उचलाउचल होतीच, आणि ती होत होती म्हणूनच संकेत ठरत गेला.

घरी एक गोष्ट करून पाहा. प्रत्येक मुखपृष्ठाचा खालचा निम्मा भाग हाताने झाका. बहुतेक पुस्तकांत नाव, चेहरा आणि ती खूण, म्हणजे खिडकी किंवा दिवा किंवा हात, वरच्या भागात शाबूत राहिलेली दिसेल. घोडीवर पुढच्या पुस्तकाने मागच्याचा खालचा भाग झाकला जात असे, त्याचा हा परिणाम आहे.

दुसरे कारण छपाईचे, आणि ते माझ्या अधिक जवळचे आहे. सव्वाचार इंच रुंदीच्या स्वस्त पुस्तकावर चार रंग एकावर एक बसवायचे, तेही लाखाच्या घरातल्या प्रतींवर, म्हणजे रजिस्टर, अर्थात एका रंगावर दुसरा नेमका बसणे, थोडेफार हलणारच. चेहऱ्यावर केसभर रंग सरकला तर ओठ दोन दिसतात आणि बाई आजारी वाटते. पण काळ्यानिळ्या रात्रीत सोडलेला पिवळा चौकोन कितीही सरकला तरी खिडकीच राहतो. दिव्याखालचे वर्तुळ, कुलपाचे भोक, उघड्या दाराची उजेडाची पट्टी, या सगळ्यांचे हेच आहे. गडद जमिनीत एक उजळ आकार ठेवणे हे यंत्राला मानवणारे चित्र आहे. चित्रकारांना हे पक्के ठाऊक असे. त्यांची मूळ चित्रे पुस्तकाच्या मानाने पुष्कळ मोठी असत, आणि लहान होताना काय टिकते, काय बुडते याचा हिशेब ती काढतानाच झालेला असे.

तुमच्याकडे १९४३ ते १९५० च्या दरम्यानची डेल प्रकाशनाची पुस्तके असतील तर ती भिंगाखाली पाहा. ती विस्कॉन्सिनमधील रसीन या गावी छापली जात आणि त्यांवरची कितीतरी चित्रे जेराल्ड ग्रेग यांची आहेत. ते स्प्रेने, म्हणजे एअरब्रशने रंगवत. त्यामुळे हाताच्या, कवटीच्या किंवा पडद्याच्या कडेला कुंचल्याचा फटकारा दिसत नाही. रंग धुक्यासारखा विरत जातो. भिंगाखाली मात्र ते धुके नाहीसे होते आणि लाल, पिवळे, निळे ठिपके सुटे दिसू लागतात. ठिपक्याच्या कडेला शाईची किंचित गडद कड आढळली तर ती छपाई उठावाच्या ठशावरची समजावी, कारण दाबाने शाई कडेला सरकते. ऑफसेटचा, म्हणजे सपाट पत्र्यावरून रबराच्या रुळामार्फत होणाऱ्या छपाईचा, ठिपका सपाट दिसतो. हे भिंग प्रदर्शनात ठेवता आले तर जरूर ठेवा. मुले तिथून हलणार नाहीत.


गंजिफा, सावंतवाडी

आजोबांच्या पेन्सिलीच्या खुणा वाचून मला आमच्या गावची गंजिफा आठवली. दशावतारी गंजिफेत १२० गोल पत्ते असतात, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पत्ते. मासा दिसला की मत्स्य, कासव दिसले की कूर्म, परशू दिसला की परशुराम. खेळणारा पत्त्याकडे चित्र म्हणून पाहतच नाही. कोणता रंग आणि कितीचा पत्ता, एवढेच तो उचलतो. सुरंगीताईंनी सांगितलेले दार, हात आणि खिडकी ही त्या पुस्तकांच्या व्यवसायातील मासा, कासव आणि परशूच आहेत. आजोबांनी त्यांवर सुरी, पणती आणि टिंब अशी स्वतःची गंजिफा बसवली, आणि वीसपैकी अठरा बरोबर आली याचे कारण मूळ खुणाच त्या कामासाठी घडवलेल्या होत्या.

आता एकेका खुणेविषयी मला माहीत आहे ते सांगतो. कुलपाचे भोक हे डेल प्रकाशनाचे बोधचिन्हच होते. रहस्यकथा असेल तर त्या भोकात डोळा असे, प्रेमकथा असेल तर बदाम. म्हणजे प्रकाशकाने आपल्या शिक्क्यातच कथेचा प्रकार घातलेला होता. त्याच प्रकाशनाच्या कितीतरी पुस्तकांच्या मागच्या बाजूला घटनास्थळाचा नकाशा असे. घर, बेट, गाव, कधी एकाच मजल्यावरच्या खोल्या. यांतील बहुतेक नकाशे रूथ बेल्यू या बाईंनी काढलेले आहेत. तुमच्या आजोबांनी जहाजावर सुकाणू धरले होते, तेव्हा तशी पुस्तके त्यांनी नक्की उचलली असतील. मागच्या बाजू अवश्य तपासा.

भोकातून पाहण्याची युक्ती रॉबर्ट जोनस या चित्रकाराने आणखी पुढे नेली. पूर्ण मुखपृष्ठ म्हणजे एक फळ्यांचे कुंपण किंवा भिंत, तिला एक भोक, आणि त्यातून दिसणारा दृश्याचा तुकडा, अशी त्यांची चित्रे आहेत. पाहणारा आपोआप चोरून पाहणारा होतो आणि पुस्तक उघडणे म्हणजे ते भोक मोठे करणे. जोनस यांची घडण आधुनिक चित्रकलेची होती, त्यामुळे त्यांचे रंग सपाट आणि आकार साधे आहेत. १९५० च्या आसपास, ज्या सिग्नेट प्रकाशनासाठी ते काम करत तिथेच, ही पद्धत मागे पडली आणि जेम्स अवाती यांची वास्तवदर्शी चित्रे पुढे आली. दारात उभी माणसे हा अवातींचा खास प्रांत आहे. ते न्यू जर्सीतील रेड बँक या गावात राहत, ओळखीच्या साध्या माणसांना उभे करून त्यांची छायाचित्रे घेत आणि त्यांवरून रंगवत. म्हणून त्यांच्या चित्रांतील माणसे नटनट्यांसारखी दिसत नाहीत. भाडे थकलेल्या बिऱ्हाडकरूंसारखी दिसतात. तपकिरी उजेडाच्या खोलीत एक पलंगावर बसलेला, एक दाराशी, आणि दोघांमध्ये न बोललेले काहीतरी, अशी चौकट तुमच्या ढिगात असेल तर ती अवातींची किंवा त्यांच्या वळणावर गेलेल्या कोणाची तरी असण्याचा संभव मोठा आहे. त्यांच्यानंतर कित्येकांनी ते दार घेतले, पण त्यांतल्या पुष्कळांचे दार नुसतेच दार राहिले.

पळणारी तरुणी आणि एक उजळलेली खिडकी हा प्रकार १९६० नंतर फोफावला. एस या प्रकाशनाने स्त्रियांसाठी ‘गॉथिक’ कथांची, म्हणजे जुन्या एकाकी वाड्यांतल्या भयाच्या आणि प्रेमाच्या कथांची, मालिका सुरू केली आणि तिच्या यशानंतर सगळ्यांनी तेच चित्र घेतले. खिडकी एकच का, याचे ठसा यांनी दिलेले छपाईचे कारण मला पटते, परंतु ते पुरेसे वाटत नाही. सगळ्या खिडक्या उजळल्या तर ते घर वस्तीचे वाटेल, कदाचित आत कार्य असेल असेही वाटेल. एकही उजळली नाही तर घर ओसाड. एकच उजळली की आत कोणीतरी एकटे जागे आहे. एवढ्या एका चौकोनात अर्धी कथा सांगून होते, आणि ती कोकणातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. आडवाटेच्या घरात रात्री एकच दिवा दिसला की आपणही विचारतो, कोण आजारी आहे?

चित्र नसलेल्या पुस्तकांविषयी. आडवी पुस्तके दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांसाठी काढलेल्या आवृत्त्यांपैकी असणार. १९४३ ते १९४७ या काळात अशी १२ कोटींहून अधिक पुस्तके छापून सैनिकांना फुकट वाटली गेली. मासिकांच्या छपाईयंत्रांवर दोन पुस्तके वरखाली जोडून छापत आणि मग मधून कापत, म्हणून आकार आडवा. ती कोणाला विकायची नव्हती, त्यामुळे दार, हात, खिडकी यांपैकी कशाचीच गरज नव्हती. प्रदर्शनात ही दोन पुस्तके बाकीच्यांच्या मधोमध ठेवा. इंग्लंडमधील पुस्तकांत पेंग्विनची असतील तर तिथेही जुन्या प्रतींवर चित्र नसते. १९३५ पासून त्यांनी रंगाचे तीन आडवे पट्टे ठेवले होते आणि प्रकार रंगावरून कळत असे: नारिंगी म्हणजे कादंबरी, हिरवा म्हणजे गुन्हेगारी कथा.


माडाखाली, वेंगुर्ले

गंजिफा यांची उपमा सुंदर आहे, पण मला ती एका ठिकाणी अडते. पत्त्यावरचा मासा खोटे बोलत नाही. ही मुखपृष्ठे पुष्कळदा बोलत. कथेत नसलेली बाई चित्रात येत असे. गंभीर, जुनी, मान्यता पावलेली कादंबरी स्वस्त आवृत्तीत निघाली की तिच्यावरही खांद्यावरून वळून पाहणारी बाई उभी राही आणि तिच्या पोशाखाचा एक बंद सुटलेला असे. सुरंगीताई, तुमच्या वीसपैकी ज्या दोन पुस्तकांवर आजोबांची खूण चुकली, ती मला त्यांची चूक वाटत नाही. ती दोन मुखपृष्ठे काढून पाहा. बहुधा चित्रानेच त्यांना फसवले असेल. या चित्रांवरून अमेरिकेत वादही पुष्कळ झाला. १९५२ साली तिथल्या प्रतिनिधिगृहाने नेमलेल्या समितीने अशा पुस्तकांची चौकशी केली, तीत मुखपृष्ठांवर बरेच बोलले गेले.

वळून पाहणारी बाई या एका खुणेवर मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण तीच सर्वांत जास्त वेळा दिसते आणि तिच्याविषयीच सर्वांत कमी विचार होतो. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी ती बहुतेक वेळा घाबरून मागे पाहते. कोणीतरी तिच्या मागावर आहे. त्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट मॅकगिनिस यांच्यासारखे चित्रकार आले आणि तिची मान तशीच वळलेली राहिली, पण नजर बदलली. मॅकगिनिस यांनी हजाराहून अधिक मुखपृष्ठे केली. त्यांच्या उंच, सडपातळ स्त्रिया मागे पाहतात तेव्हा त्यांना कोणाचे भय नसते; त्या पाहणाऱ्याला जोखत असतात. तेच शरीर, तीच मान, आणि भुवईच्या रेषेत सगळा फरक. अशी दोन मुखपृष्ठे शेजारी ठेवली तर खूण कायम ठेवून अर्थ कसा बदलतो ते कोणालाही दिसेल.

पुरुषांचे चेहरेही एकसारखे वाटत असतील तर तो भास नाही. चित्रकार छायाचित्रांवरून काम करत आणि ठरावीक व्यक्तींनाच उभे करत. स्टीव्ह हॉलंड या एका माणसाचा चेहरा तर कितीतरी चित्रकारांच्या कितीतरी नायकांना मिळालेला आहे.

आता मराठीविषयी. रघुवीर मुळगावकर आणि दीनानाथ दलाल हे दोन्ही चित्रकार मूळचे गोव्याचे, जन्म अनुक्रमे १९१८ आणि १९१६. दोघांनी मुंबईत राहून मराठी पुस्तकांना आणि दिवाळी अंकांना चेहरा दिला. मुळगावकरांचे स्प्रेवरचे प्रभुत्व प्रसिद्धच आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवरची त्यांची चित्रे ज्यांनी लहानपणी पाहिली, त्यांना ग्रेग यांचे विरत जाणारे धुके परके वाटणार नाही. दलालांची रेषा निराळ्या कुळातली आहे. ते कमीत कमी रेषांत आणि सपाट रंगांत काम भागवत. परंतु आपल्या चित्रकारांनी तिकडचे उचलले, असे सरसकट म्हणायला मी तयार नाही. माझ्याकडे रहस्यकथा आणि भयकथांची तीसएक जुनी पुस्तके आहेत. त्यांवर पिस्तूल आहे, बुरखा आहे, मोटारीचे दिवे आहेत. पण दूरच्या घराची एकटी खिडकी जवळजवळ नाही. तिच्या जागी माणसाच्या हातातला कंदील आहे. तिकडे उजेड घरात आहे आणि माणूस अंधारात पळते आहे. आपल्याकडे उजेड माणसाच्या हातात आहे आणि अंधार वाड्यात आहे. त्यामुळे आपली बाई घराबाहेर पळत नाही, वाड्याच्या आत शिरते. हा मला फार मोठा फरक वाटतो, आणि तुमच्या प्रदर्शनात चारदोन मराठी मुखपृष्ठे ठेवता आली तर तो आपोआप दिसेल. माझी पुस्तके मी आनंदाने आणून देईन.


बांधणी, चिपळूण

मराठी मुखपृष्ठे मिळवणे वाटते तितके सोपे नाही, म्हणून हे लिहितो. माझे काम पुस्तकबांधणीचे आहे. वाचनालयात कथाकादंबरी आली की चार महिन्यांत तिचे पान सुटते, मग ती आमच्याकडे येते. आम्ही मुखपृष्ठ काढून टाकतो, टाके घालतो, जाड पुठ्ठा आणि कापडी पाठ लावतो आणि वर क्रमांकाची चिठ्ठी डकवतो. पुस्तक आणखी वीस वर्षे चालते, चित्र मात्र त्याच दिवशी रद्दीत जाते. एका वाचनालयाच्या कामात मी स्वतः एका आठवड्यात दोनशेच्या वर मुखपृष्ठे फाडली आहेत. तेव्हा कोणी ठेवा म्हटले नाही, आणि मलाही सुचले नाही. त्याची मला आज खरोखर खंत वाटते. वेंगुर्ल्याच्या मित्रांकडे चित्रासह तीस पुस्तके असतील तर तो ठेवा समजून जपावा.

सुरंगीताई, तुमच्या पुस्तकांसाठी एवढे करा. फाटलेल्या कडांना चिकटपट्टी लावू नका. ती पिवळी पडते, डिंक कागदात उतरतो आणि मग सुटत नाही. काही पुस्तकांवर चकचकीत पारदर्शक थर असेल आणि तो कडेने सुटत असेल, तो ओढू नका, खालची शाई घेऊन येतो. श्रावणभाद्रपदात प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नका. आपल्या हवेत आतच बुरशी धरते. पाऊस सरला की सावलीत, वाऱ्यावर दोन दिवस उभी करा आणि पानांच्या बेचक्यांत कसर आहे का ते पाहा. उन्हात मुळीच ठेवू नका. छपाईच्या रंगांत पिवळा आणि लाल उन्हाने आधी उडतात, निळा आणि काळा मागे राहतात. आठवडाभर खिडकीशी मांडलीत तर तुमच्या आठही घरांतला दिवा विझेल.


सुरंगी, मालवण

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पुन्हा सगळी पुस्तके काढली आणि प्रत्येकाने सांगितलेले एकेक करून पाहिले.

खालचा भाग झाकून पाहण्याची परीक्षा ४४ चित्रांनी पार केली. मागे नकाशा असलेली सात पुस्तके निघाली, आणि त्यांतील एका बेटाच्या नकाशावर आजोबांनी पेन्सिलीने नांगर टाकण्याची जागा दाखवली आहे, खडकाच्या आडोशाला, दक्षिणेच्या बाजूस. चुकलेली दोन पुस्तकेही पाहिली. एकावर वळून पाहणारी बाई आहे, त्यावर टिंब आहे, आणि आत खाणकामगारांच्या संपाची गोष्ट आहे; बाईचा पत्ता मला पहिल्या नव्वद पानांत लागला नाही. माडाखाली यांचे म्हणणे या पुस्तकापुरते तरी अगदी खरे ठरले. दुसऱ्यावर सुरी आहे आणि चित्रात कडेवरून आलेला हात, पण तो हात वैद्याचा आहे आणि कथा एका इस्पितळाची आहे.

हातांविषयी माझे स्वतःचे एक निरीक्षण नोंदवते. असे हात असलेली नऊ पुस्तके आहेत, आणि त्यांपैकी सातांत हात उजव्या कडेवरून आत येतो. पुस्तक उघडताना आपला अंगठा जिथे टेकतो, नेमका तिथून. आजोबांच्या अंगठ्याने तिथला रंगही घासून गेलेला आहे, म्हणून हे माझ्या ध्यानात आले.

मांडणी आता प्रकाशकवार किंवा वर्षवार न करता खुणांप्रमाणे करायचे ठरवले आहे: दारे एकीकडे, हात एकीकडे, खिडक्या वाचनालयाच्या आतल्या, ऊन न येणाऱ्या भिंतीला. कंदिलाची मराठी पुस्तके खिडक्यांच्या समोर राहतील, त्यासाठी वेंगुर्ल्याला मी स्वतः येईन. भिंगाची व्यवस्था झाली आहे.

राहिली पेंग्विनची पुस्तके. ती एकूण पाच आहेत, सगळी पट्ट्यांची, चित्र कशावरच नाही. पहिल्यांदा मी ती बाजूला ठेवली होती, कारण जिथे चित्र नाही तिथे आजोबांची खूण असेल असे मला वाटले नव्हते. गंजिफा यांचे उत्तर वाचून ती उघडली. दोन नारिंगी आहेत, त्यांची पाने कोरी आहेत. तीन हिरवी आहेत, आणि तिन्हींच्या उजव्या कोपऱ्यात सुरी आहे.